गोटीतली पाकळी

दुपारी खण आवरायला काढला आणि तळाशी एक काचेची गोटी सापडली. आवरणं तिथेच संपलं. खिडकीपाशी जाऊन उजेडात धरली. आतली निळी पाकळी या काठापासून त्या काठापर्यंत, अगदी काचेला टेकलेली. एवढी मोठी ती नसते, हे मला पक्कं ठाऊक आहे. लहानपणी मी अशीच एक गोटी दगडाने फोडली होती. मला फक्त पाकळी हवी होती. चौथ्या घावाला गोटी फुटली आणि हाती आली बिनरंगी काचेला चिकटलेली एक निळी कपची, नखाहूनही लहान. फसवणूक!

तेव्हापासून काचेआडच्या मापांवर माझा विश्वास नाही. थर्मामीटरमधला तो रुंद चकचकीत पाराही खरा केसासारखा बारीक असतो. काचेतून बाहेर पडताना उजेड वाकतो; शाळेत याला वक्रीभवन म्हणायचे, आता पुस्तकांत अपवर्तन म्हणतात. फसवणूक तीच.

अणुकेंद्रांच्या टकरी मोजणाऱ्यांनाही ही गोटी भेटलेली आहे. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत २००० पासून सोन्याची अणुकेंद्रं एकमेकांवर आदळवली. उठणारा भडका मोजायचा फेम्टोमीटरमध्ये. एका मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. तिथे पट्टी कुठली लावणार? मग बाहेर पडणारे पायॉन नावाचे सूक्ष्म कण मोजतात. एकाच जातीचे, जवळजवळ सारख्याच संवेगाचे दोन पायॉन जोडीने अपेक्षेपेक्षा जास्त सापडतात. संवेगांतला फरक वाढला की हा जादा वाटा ओसरतो; जितक्या लवकर ओसरेल तितका उगम, म्हणजे पायॉन जिथून निघाले ती जागा, मोठा. हॅनबरी ब्राउन आणि ट्विस या शास्त्रज्ञांनी दोन आरशांवरच्या प्रकाशाच्या चढउतारांची सांगड घालून १९५६ मध्ये व्याध ताऱ्याचा व्यास काढला, त्याच कुळातली ही युक्ती. पायॉनमध्ये ती १९६० मध्ये गोल्डहाबर आणि सहकाऱ्यांना दिसली.

पण पायॉन मोकळ्या जागेतून निघत नाही. भोवतालचं द्रव्य सरासरीने त्याला आत ओढत असेल, तर काठ ओलांडताना त्याचा वेग घटतो आणि तिरका निघालेला पायॉन आणखी तिरका होतो. लांबून पाहणाऱ्याला उगम फुगलेला दिसतो. ढकलत असेल तर उलट, आक्रसलेला. हेच ते मीन फील्डचं, म्हणजे या सरासरी ओढीचं किंवा ढकलण्याचं, अपवर्तन.

ब्रुकहेवनच्या मापांत एक कोडंही होतं. भडका काही काळ धुमसत राहिला तर पायॉनच्या प्रवासाच्या दिशेने उगम आडव्या मापापेक्षा बराच लांब दिसायला हवा, असं गणित सांगत होतं. प्रत्यक्षात दोन्ही मापं जवळपास सारखी. २००५ मध्ये काहींनी अपवर्तनाकडे बोट दाखवलं. मला ते फारच आवडलं. माझीच गोटी ना ती! पुढे २००९ मध्ये निराळा हिशेब आला. सुरुवातीलाच मिळणारा बाहेरच्या दिशेचा रेटा, द्रव्याचा ताठपणा, चिकटपणा, अशा बारीकसारीक दुरुस्त्या एकत्र धरल्या की कोडं बरंचसं सुटतं. एकटा गुन्हेगार नव्हताच. मला उगीचच वाईट वाटलं.

गोटी खणात परत टाकताना मनात आलं, त्या दिवशी कपची लहान निघाली ती नक्की कशामुळे? घाव वेडावाकडे बसले असतील. अर्धी पाकळी दुसऱ्याच तुकड्यात गेली असेल.

ते तुकडे तर तेव्हाच केरात गेले.