डावीकडून पाचवी रेघ

भाच्यासाठी विटीदांडूचा गेम लिहिला. लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तो छान चालत होता, पण मला तो आमच्या जुन्या टीव्ही व्हिडिओ गेमवरच चालवायचा होता. नव्वदच्या दशकात आपल्याकडे आलेलं ते यंत्र म्हणजे 1983 सालच्या जपानी फॅमिकॉमची नक्कल, 60 पिनांच्या कॅसेटवालं.

कॅसेट शोधण्यातच एक रविवार गेला. '9999 इन 1' वाल्या उघडल्या तर आत काळ्या लाखेचा नुसता थेंब, काढायला चिपच नाही. शेवटी सुट्या चिपांची एक सापडली. जुन्या चिपा काढून तिथे पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेले 28 पायांचे सॉकेट लावले आणि त्यांत दोन ईप्रॉम, म्हणजे आपला मजकूर भरता येणाऱ्या मेमरी चिपा, बसवल्या: 32 केबीच्या 27सी256 मध्ये प्रोग्रॅम, 8 केबीच्या 27सी64 मध्ये चित्रं.

बटण दाबलं, तर करडा पडदा. दुसरी कॅसेट लावून पाहिली, ती चालली. म्हणजे यंत्र ठीक होतं. लहानपणी आपण सगळेच कॅसेटमध्ये फुंकर मारायचो. खरंच मारू नका, तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसल्या. काडी काळीकुट्ट निघाली आणि गेम सुरू झाला.

पण पडदाभर उभ्या रेघा! 'गुण' या शब्दाला नको तिथे काने फुटलेले. मला वायरचा संशय आला, तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, बघ ना, रेघ गेममधल्या त्या मुलाबरोबर चालतेय!"

किती नेमकं पाहिलं त्याने! वायरचा दोष असता तर रेघ जागची हलली नसती. दोष चित्रांच्या चिपकडेच होता.

फॅमिकॉमचं चित्र 8 बाय 8 ठिपक्यांच्या टाइलांचं असतं. टाइलची एक आडवी ओळ चिपमधून आठ डेटा लाइनींवरून, म्हणजे माहिती नेणाऱ्या डी0 ते डी7 अशा आठ वाटांवरून येते. सगळ्यात डावा ठिपका डी7 चा, सगळ्यात उजवा डी0 चा. एक लाइन तुटली की प्रत्येक टाइलमधला तोच उभा स्तंभ बिघडतो. पडद्याचा फोटो काढून मोठा केला आणि बोट ठेवून मोजलं. बिघडलेला स्तंभ डावीकडून पाचवा. डी7, डी6, डी5, डी4... डी3! 27सी64 वर डी3 म्हणजे 15 नंबरचा, कोपऱ्यातला पाय.

मल्टिमीटर बीपवर ठेवला. एक टोक त्या पायावर, दुसरं बोर्डवरच्या पट्टीवर. आवाज नाही. भिंगातून पाहिलं तर सोल्डरचा गोळा वरून व्यवस्थित दिसत होता, पण पायाभोवती केसाएवढी काळी फट होती. ड्राय सोल्डर, म्हणजे पायाला नीट न चिकटलेला जोड. सोल्डर नीट पसरवणारा फ्लक्स लावून सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंद टेकवलं, तसं सोल्डर चकाकलं आणि पायाला बिलगलं.

बीप!

कॅसेट बसवली. निळं आभाळ, एकही रेघ नाही. भाच्याने कंट्रोलर केव्हाच हातात घेतला होता. "मामा, पहिला डाव माझा."