तेइदेला जाताय? रोपवेच्या आधी दोन तास खाली काढा

तेनेरिफला (स्पेनचं बेट, शेंगेन व्हिसा चालतो) आलेली बरीच मंडळी थेट तेइदे ज्वालामुखीच्या रोपवेच्या रांगेत लागतात, वर फोटो काढतात की परत. कळकळीनं सांगतो, आधी रोकेस दे गार्सियाच्या सुळक्यांभोवती चक्कर मारा. तेइदे ३७१५ मीटर उंच असला तरी बेटाच्या मानानं पोरगाच आहे. साधारण पावणेदोन लाख वर्षांपूर्वी इथल्या जुन्या ज्वालामुखीचा उत्तरेकडचा भाग समुद्रात घसरला, आणि त्या खिंडारात तेइदे नि शेजारचा पिको व्हिएहो थरावर थर चढत उभे राहिले. दक्षिणेचे कडे म्हणजे त्या जुन्याचा काठ, तो घसरून झाला की आधी खचून यावर भूशास्त्रज्ञांचा अजून वाद आहे. इथेच लॉस असुलेहोसचे निळसर-हिरवे दगड दिसतात, गरम पाण्यानं आतून बदललेले.

आता वर बघा. शिखरावरून ओघळलेले काळे जाड पट्टे हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे, खुद्द शिखराचा तो शेवटचा उद्रेक. आपल्या सह्याद्रीतला बसाल्ट पातळ होता म्हणून लांबवर पसरून आडवे थर झाले, हा फोनोलाइट (इथल्या लाव्हाचा खडक) चिकट, उतारावरच थबकलेला, कडा अगदी उभ्या. वाटेत त्यात काळी काच चमकते, हात लावून बघा पण उचलू नका, बंदी आहे. नंतरचे उद्रेक बाजूनं झाले: १७९८ ला पिको व्हिएहोच्या अंगावर तीन महिने, १९०९ ला चिन्येरो या छोट्या ज्वालामुखीला दहा दिवस.

रोपवे २३५६ वरून ३५५५ मीटरवर काही मिनिटांत नेतो, त्यामुळे डोकं जड होतं, हळू चाला, पाणी प्या, उन्हाळ्यातही जाकीट हवंच. वारा वाढला की रोपवे बंद, म्हणून पहिल्याच दिवशीचं बुकिंग करा म्हणजे हुकलं तरी पुढचे दिवस हाताशी राहतात. शिखरापर्यंतच्या शेवटच्या वाटेला वेगळी परवानगी लागते, ती ऑनलाइन लवकर संपते, तिकिटं काढायच्या आधी तीच बघा आणि नियम बदलत असतात तेव्हा ताजे वाचून घ्या. वर गंधकाचा वास नि दगडांमधून गरम वाफ येते, ते अनुभवायला परवानगीची खटपट वसूल आहे.

गाडी भाड्याने घ्या, बस मोजक्याच. आणि उतरताना किनाऱ्यावरचं गाराचिको गाव चुकवू नका, १७०६ च्या लाव्हानं तिथलं भरभराटीचं बंदर बुजवलं, आता त्याच लाव्हाच्या कुंडांत लोक पोहतात. दगड धारदार आहेत, पायात सँडल ठेवा, लाटा उसळत असतील तर उतरूच नका.