घरी नसताना आकडी आली तर : खंडूच्या देखरेखीचा माझा अनुभव

आमचा खंडू लॅब्रॅडॉर आहे. त्याला तिसरे वर्ष संपत आले असताना एका पहाटे झोपेतच पहिली आकडी आली आणि पुढच्या दोन महिन्यांत आणखी तीन आल्या. रक्तातील साखर, कॅल्शियम, यकृताच्या चाचण्या असे सगळे ठीक निघाल्यावर, वयाच्या सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत केव्हाही सुरू होणारा आणि बाहेरचे काही कारण न सापडणारा हा अपस्मार असावा, असे निदान डॉक्टरांनी केले. तो बहुधा आयुष्यभर राहील, मात्र औषधाने पुष्कळसा आटोक्यात ठेवता येईल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. फिनोबार्बिटोनच्या गोळ्या दर १२ तासांनी, सकाळी ८ आणि रात्री ८ वाजता, सुरू झाल्या. गोळी चुकवायची नाही आणि मनाने बंद तर मुळीच करायची नाही, कारण औषध एकदम थांबल्यानेच जोराच्या आकड्या येऊ शकतात, ही ताकीद त्या वेळीच मिळाली होती.

प्रश्न होता तो मधल्या वेळेचा. मी कोथरूडहून हडपसरच्या बँकेत जाते आणि माझे पती चाकणला कामाला आहेत, त्यामुळे सकाळी साडेआठपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत खंडू घरात एकटाच असे. आम्ही कॅमेरा घेतला आणि कपाटावर, सगळी खोली दिसेल असा बसवला. आठवडाभरात लक्षात आले की, तो झोपतो ती जागा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळची गार फरशी, सोफ्याआड जात होती. आकडी पुष्कळदा झोपेत किंवा विश्रांतीतच येते, तेव्हा त्याच्या झोपण्याच्या जागा दिसणे हेच महत्त्वाचे होते. कॅमेरा दोन फुटांवर खाली आणला, काचेचे टीपॉय आतल्या खोलीत नेले, बाल्कनीचे दार कायम बंद ठेवले आणि पाण्याचे खोल भांडे काढून उथळ ठेवले. गळपट्टाही घरात असताना काढून ठेवू लागलो.

यानंतरच्या एका गुरुवारी माझ्याकडून जे घडले, त्याची आठवण अजूनही बोचते. त्या दिवशी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज गेली होती. मी अकराच्या सुमारास, जेवणाच्या सुट्टीत आणि चार वाजता असे तीनदा मोबाइल उघडून पाहिले. तिन्ही वेळा खंडू उंबऱ्याजवळ डाव्या कुशीवर झोपलेला दिसला आणि मी निश्चिंत झाले. घरी पोचले तेव्हा फरशीवर लाळेचा सुकलेला डाग होता, लघवी झाली होती, दाताखाली आल्याने त्याचा ओठ फाटला होता आणि तो पलंगाखाली जाऊन बसला होता. चित्राच्या कोपऱ्यातली वेळ सकाळी १० वाजून ४२ मिनिटांवर थिजलेली होती. मी दिवसभर एकच गोठलेले चित्र पाहत होते. आकडी किती वेळ चालली, एक होती की दोन, हे आम्हाला कधीच कळणार नाही.

तेव्हापासून कॅमेरा उघडला की मी आधी घड्याळ पाहते, मग खंडूला. राउटरला छोटा बॅकअप लावला, पण इमारतीतली इंटरनेटची पेटीच विजेवर चालत असल्याने त्याचा उपयोग झाला नाही. उपयोगी पडला तो जुना मोबाइल : त्यात स्वतंत्र सिम घातले, कॅमेऱ्याचे अ‍ॅप घेतले आणि तो दुसऱ्या कोपऱ्यात कायम चार्जरवर ठेवला. वीज गेली तरी त्याची बॅटरी आणि त्याचे नेट चालू राहते.

इशाऱ्यांचे गणित बसायला मात्र महिना लागला. हालचालीचा इशारा खंडू उठून पाणी प्यायला तरी वाजे आणि आवाजाचा इशारा शेजारच्या कुकरच्या शिट्टीला. दिवसाला चाळीस-पन्नास वेळा मोबाइल थरथरला की माणूस तिकडे बघेनासा होतो, आणि खरा धोका तोच असतो. मग जुने रेकॉर्डिंग लावून ऐकले. आकडीत नखे फरशीवर एकसारखी घासली जातात, जबडा कटकट वाजतो. हा आवाज सापडेल इतपतच संवेदनशीलता ठेवली आणि हालचालीसाठी फक्त उंबऱ्याजवळचा आणि पलंगालगतचा भाग आखून घेतला. शाखाधिकाऱ्यांना सगळे सांगून, काउंटरवर असताना या एका अ‍ॅपचे कंपन चालू ठेवण्याची परवानगी घेतली.

पण हडपसरहून दिसले, तरी हडपसरहून हात पोचत नाही. समोरच्या घरातले काका एसटीतून निवृत्त झालेले. त्यांना किल्ली दिली आणि एका रविवारी शांतपणे सगळे सांगितले. आकडीत खंडूच्या तोंडात हात किंवा चमचा घालायचा नाही, कारण कुत्रा जीभ गिळत नाही, मात्र शुद्ध नसताना कडकडून चावू शकतो. त्याला दाबून धरायचे नाही, पंखा लावायचा, पडदे ओढायचे, घड्याळ पाहायचे. आकडी दोन मिनिटांपुढे गेली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा फवारा, डोक्यामागून हात नेऊन, नाकपुडीत मारायचा. पाच मिनिटांपुढे गेली किंवा २४ तासांत दुसरी आली, तर थेट दवाखाना. हे सगळे मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावले आणि त्याखाली रिक्षावाल्या दादांचा नंबर लिहिला.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी दुपारी १ वाजून २० मिनिटांनी खरी वेळ आली. मी फोन केला, काका दोन मिनिटांच्या आत आत शिरले, तोवर झटके थांबत आले होते. रेकॉर्डिंगमध्ये आकडी १ मिनिट ५० सेकंदांची निघाली. मला विचारले असते तर मी शपथेवर पाच मिनिटे सांगितली असती. नंतर तासभर खंडूला दिसतच नव्हते, तो भिंतींवर धडकत फिरत होता आणि काकांनाही ओळखत नव्हता. "अगं, मी दारात बसलोय, तू घाई करू नकोस," एवढेच ते फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होते. संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांनी, मी घरात पाऊल टाकते तोच, दुसरी आकडी आली. त्याला रात्रभर दवाखान्यात ठेवावे लागले. डॉक्टरांनी दोन्ही रेकॉर्डिंग पाहिले, फिनोबार्बिटोनची रक्तातली पातळी तपासली आणि लेव्हेटिरासिटामची जोड दिली. ती आमच्या वेळापत्रकाला जड गेली, कारण ती गोळी दर ८ तासांनी, म्हणजे सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १० वाजता द्यायची असते. दुपारची गोळी आता काका देतात आणि दारामागच्या वहीत वेळ लिहून सही करतात.

डिसेंबरमध्ये काका पंधरा दिवस मुलीकडे नागपूरला जाणार आहेत. त्यांच्या जागी दुसऱ्या मजल्यावरची, कॉलेजात शिकणारी मुलगी यायला तयार झाली आहे. आम्ही तिला आधी मंगळवारचे रेकॉर्डिंग दाखवले, कारण पहिल्यांदा आकडी पाहणारा माणूस जागच्या जागी खिळून जातो आणि ते खिळणे आमच्या बैठकीत, खंडू शेजारी धडधाकट बसलेला असताना होऊन गेलेले बरे. तिने ते दोनदा पाहिले. मग विचारले, "काकू, तो असा ओरडतोय, म्हणजे त्याला खूप दुखतंय का?" त्या क्षणी त्याला शुद्ध नसते, असे डॉक्टरांनी मला सांगितले होते, तेच मी तिला सांगितले. या आठवड्यापासून ती रोज दुपारी २ वाजता काकांबरोबर येते आहे, आणि कालची गोळी तिने दिली.