पाळणाघर ठरलं!

एकदाचं पाळणाघर ठरलं. २६ आठवड्यांची रजा संपत आलीये, पुढच्या महिन्यात ऑफिस.

सकाळी पाहिलेलं पहिलं पाळणाघर चकाचक होतं. रंगीत भिंती, मोबाइलवर दिसणारा सीसीटीव्ही. पण एका मावशींकडे किती तान्ही बाळं असतात, याचं धड उत्तर मिळेना. नकोच वाटलं.

कोथरूडच्या काकूंचं घर साधं आहे. तळमजला, खाली सतरंज्या, ओट्यावर प्रत्येक बाळाची नाव चिकटवलेली वाटी. काकूंनी आधी साबणाने हात धुतले, मगच लेकीला घेतलं. मग मलाच विचारायला लागल्या: मांडीवर झोपते की थोपटून? सहा महिन्यांनंतर वरचं काय देणार? काढून ठेवलेलं दूध गॅसवर तापवायचं नाही, बाटली कोमट पाण्यात ठेवायची, हे मी सांगायच्या आधी त्यांनीच सांगितलं. तिथेच माझा जीव भांड्यात पडला.

तरी एक सल आहेच. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा कायद्याने द्यावी लागते. आमच्याकडे ती नाही. रुजू झाल्यावर पहिला मेल त्याचाच टाकणार आहे. मैत्रिणींनो, तुमच्याकडेही विचारा.