प्लास्टरमधला पाय घेऊन हंपी: जायचं की नाही हे कसं ठरवलं आणि गेलो ते कसं

मुलगा १४ वर्षांचा, आणि कोल्हापूरचा म्हटल्यावर फुटबॉल आलाच. दिवाळीच्या सुट्टीत हंपीला जायचं हे जूनपासून ठरलेलं, आणि निघायच्या बरोबर १६ दिवस आधी संध्याकाळी मैदानावरून त्याच्या मित्राचा फोन, काकू ह्याचा पाय मुरगळलाय, उभं राहता येईना. एक्सरेत दिसलं की पायाच्या करंगळीच्या मागचं जे लांब हाड असतं, डॉक्टर ज्याला पाचवं मेटाटार्सल म्हणतात, ते बुडाशी मोडलंय. ऑपरेशन नको म्हणाले, पण सूज उतरेपर्यंत कच्चं प्लास्टर, मग पक्कं, आणि सुरुवातीचे काही आठवडे त्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही.

त्या रात्री घरात कोणी काही बोललं नाही पण सगळ्यांच्या डोक्यात हंपीच होतं. आम्ही दोघं, मुलगा, १० वर्षांची धाकटी आणि सासूबाई, असे पाच जण जाणार होतो. सासूबाईंसाठी ही सहल म्हणजे फिरणं नव्हतंच, त्यांच्या माहेरी वारी आहे, विजयनगरला, म्हणजे आताच्या हंपीला, नेलेली विठोबाची मूर्ती भानुदास महाराजांनी पंढरीला परत आणली ही गोष्ट त्या लहानपणापासून ऐकत आल्यात आणि ते विठ्ठलाचं देऊळ एकदा डोळ्यांनी बघायचं एवढीच त्यांची इच्छा. गुडघे दुखतात त्यांचे, त्यामुळे पुढच्या वर्षी बघू असं म्हणायला पण जीभ रेटत नव्हती.

पोरगं दुसऱ्या दिवसापासून एकच म्हणायला लागलं, "मला काय होतंय आई, जाऊया की." आणि इथेच मला सगळ्यात आधी सांगायचंय, ज्यांच्या घरात असं दुखावलेलं १३ ते १८ वर्षांचं मूल आहे त्यांना, की त्याच्या "मी ठीक आहे" वर निर्णय घेऊ नका. लहान मूल दुखलं की रडतं. ह्या वयातलं मूल आपल्यामुळे सगळ्यांची सहल बुडाली हे ओझं नको म्हणून दुखणं गिळतं. मी त्याला एकट्याला घेऊन बसले आणि विचारलं की समज सहल तुझ्यामुळे नाही, माझ्या रजेमुळे रद्द झाली, तर तुला वाईट वाटेल की बरं वाटेल? बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, वाईट वाटेल, पण चढायला लागलं तर भीती वाटते. हे त्याने सगळ्यांसमोर कधीच सांगितलं नसतं.

डॉक्टरांकडे जाताना आम्ही नुसतं "प्रवास केला तर चालेल का" असं विचारलं नाही, कारण त्याला उत्तर हो किंवा नाही एवढंच मिळतं. वहीच्या पानावर रोज काय काय करणार, किती किमी गाडीत, कुठे किती चालणं, कुठे पायऱ्या, सगळं लिहून नेलं. त्यांनी पेन घेऊन थेट काटायला सुरुवात केली. अंजनाद्री टेकडीच्या ५७५ पायऱ्या काटल्या, मातंग टेकडीवरचा सूर्योदय काटला, बदामीची लेणी काटली, तुंगभद्रेतली गोल टोपलीसारखी नाव असते तीही काटली कारण प्लास्टर भिजलं तर सगळंच परत. राहिलं ते बऱ्यापैकी सपाटीवरचं हंपी. आणि म्हणाले, ११व्या दिवशी परत एक्सरे काढू, हाड जागेवर असेल तर जा, सरकलं असेल तर विषय संपला. आम्ही निर्णयाची तारीख तीच धरली. तोपर्यंत मुलांना हो पण नाही आणि नाही पण नाही. रूम बुक करताना आदल्या दिवसापर्यंत पैसे परत मिळतील अशीच घेतली, भाडं थोडं जास्त पडलं पण त्यामुळे डोकं शांत राहिलं.

एक्सरे चांगला आला तरी आम्ही लगेच बॅगा भरल्या नाहीत, आधी एक रंगीत तालीम केली. सर्जिकलच्या दुकानातून घडीची व्हीलचेअर भाड्याने आणली आणि संध्याकाळी सगळे रंकाळ्यावर गेलो, भेळ खाल्ली, दोन तास फिरलो. घरी आल्यावर बघितलं तर बोटं टम्म सुजलेली. पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवला, तासाभरात उतरली. म्हणजे दोन तास पाय खाली लोंबता ठेवलेला त्याला चालत नाही, पाऊण तास चालतो, हे आम्हाला घरापासून १० मिनिटांवर कळलं, हंपीत ३५० किमी लांब नाही. ज्यांना कुणाला जायचंय त्यांनी ही तालीम कराच, हॉटेल बुक करण्याआधी केली तर अजून चांगलं.

ट्रेनचा विचार केला होता. लोअर बर्थ मिळाला तरी हलत्या गाडीत कुबड्या घेऊन टॉयलेटला जाणं मला पटेना, आणि मुख्य म्हणजे मधेच परत फिरता येत नाही. (विमानाने जाणाऱ्यांसाठी, नवीन प्लास्टर असेल तर बऱ्याच एअरलाईन्स छोट्या फ्लाईटला २४ तास आणि दोन तासांपेक्षा मोठ्या फ्लाईटला ४८ तास थांबायला सांगतात, किंवा प्लास्टर उभं चिरून घ्यायला सांगतात, कारण आत पाय सुजला तर जागा हवी. डॉक्टरांचं पत्र मागतात, आधी फोन करून विचारा.) आम्ही स्वतःची गाडी घेतली. निपाणी, बेळगाव करत पहिल्या दिवशी धारवाडलाच मुक्काम, दुसऱ्या दिवशी हुबळी, गदग, कोप्पळ करत होसपेट. एरवी एका दिवसात होतं हे, पण दर पाऊण तासाने गाडी बाजूला घ्यायची, त्याला मागच्या सीटवर आडवं करायचं आणि २० मिनिटं पाय उंच, असं करत गेलो. चालत्या गाडीत मात्र आडवा झोपवला नाही कारण बेल्ट नीट लागत नाही. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून, खाली बॅग आणि वर उशी, त्यावर पाय. आणि पाय डॅशबोर्डवर कधीच ठेवू देऊ नका, एअरबॅग फुटली तर चांगला पाय पण जाईल.

तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर हंपीशेजारच्या कमलापूरच्या बाजूने सुरुवात केली आणि हे बरोबर ठरलं. राणीचं स्नानगृह रस्त्याला लागूनच आहे. कमळमहाल आणि हत्तींच्या पागा एकाच आवारात, हिरवळ आणि सपाट वाट, व्हीलचेअर आरामात जाते, पोरगं स्वतःच चाकं ढकलत त्या ११ दालनांसमोरून फिरून आलं. महानवमी डिब्बा म्हणजे उंच दगडी चौथरा, त्यावर नवरा आणि धाकटी चढले, आम्ही तिघं खाली थांबलो. पुढे लक्ष्मी नरसिंहाची मूर्ती आणि बडवीलिंग हे मोठं शिवलिंग, दोन्ही रस्त्यापासून अगदी थोड्या अंतरावर, तिथे तो कुबड्यांवर गेला. व्हीलचेअर घेताना मागची चाकं मोठी असलेलीच घ्या, छोट्या चाकांची खुर्ची हंपीच्या खडीत रुतते, आणि खडबडीत जागी खुर्ची पुढे ढकलू नका, उलटी करून मागे ओढा, हे आम्हाला तिथल्या एका रिक्षावाल्या काकांनी दाखवलं.

दुपारी ११ ते साडेतीन रूमवर. ऊन नोव्हेंबरात पण चांगलंच लागतं, दगड तापतात, आणि प्लास्टरच्या आत घाम आला की खाज सुटते. पट्टी, विणायची सुई असलं काही आत घालू देऊ नका, कातडी फाटून आत जखम होते आणि दिसत पण नाही. हेअर ड्रायर गार हवेवर ठेवून वरून हवा दिली की बरं वाटतं.

चार वाजता विठ्ठल मंदिर. गाड्या अलीकडेच थांबवतात, तिथून साधारण एक किमी बॅटरीच्या गाडीने जावं लागतं, सुट्टीत त्याला मोठी रांग असते. रांगेत सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले तर पोरगा खुर्चीतून उठून कुबड्यांवर उभा राहिला आणि आजीला खुर्चीत बसवलं. "बाळा तू बस रं," "आजी तू बस गं," असं चाललेलं. गोपुराच्या पायऱ्यांना आणि उंबऱ्याला आम्ही खुर्ची उचलून घेतली. आत दगडी रथापाशी भयंकर गर्दी, सगळ्यांना तिथेच फोटो हवा असतो. सासूबाई रथाकडे बघायला थांबल्या पण नाहीत. ज्या देवळात आता मूर्ती नाही, पूजा नाही, त्याच्या दिशेने तोंड करून हात जोडून उभ्या राहिल्या, आणि मग हळू आवाजात अभंग म्हणायला लागल्या. आम्ही कुणीच घाई केली नाही.

आणि ह्या सगळ्यात पाऊण तासाचे दोन तास झाले.

परत गाडीपाशी आल्यावर धाकटी म्हणाली, दादाची बोटं बघ. सुजलेली, जांभळट, आणि तो म्हणाला मुंग्या येतायत, प्लास्टर घट्ट वाटतंय, तासभर झाला. तासभर! का नाही सांगितलंस म्हटलं तर म्हणाला, आजीचं व्हायचं होतं ना. माझ्या पोटात खड्डा पडला. लगेच मागच्या सीटवर आडवं करून पाय उंच केला, घड्याळ लावलं, अर्ध्या तासात उतरलं नाही तर सरळ होसपेट गाठायचं, तिथे नाही जमलं तर बळ्ळारी, तिथे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, हे सगळं निघायच्या आधीच कागदावर लिहून ठेवलं होतं. २० मिनिटांत मुंग्या थांबल्या, बोटं गुलाबी झाली, हलवता यायला लागली. आमच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी व्हिडिओवर बघितलं आणि रात्रभर पाय उंच ठेवायला सांगितलं.

त्यांनी सांगितलेलं इथे लिहिते कारण हे प्रत्येकाला माहीत हवं: पाय उंच करून पण दुखणं वाढतच राहिलं, बोटं बधिर, गार, पांढरी किंवा निळी पडली, हलवता येईनात, किंवा दुसऱ्या कुणी बोट हळूच वर ओढलं की कळ येत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही, जवळच्या हॉस्पिटलात जाऊन प्लास्टर कापायचं. पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप लागणं, ताप, प्लास्टरमधून वास येणं, ह्यातलं काही झालं तरी लगेच. १०८ कर्नाटकात पण चालतो. एक्सरेचे फोटो आणि डॉक्टरांचा कागद दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, एकाच्या नको.

त्या रात्री आम्ही पद्धत बदलली. त्याच्या तोंडून "दुखतंय" येण्याची वाट बघणं बंद. दर तासाला धाकटीने त्याच्या अंगठ्याचं नख दाबायचं, पांढरं होतं आणि सोडल्यावर दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं, आणि मग त्याने ० ते १० मधला आकडा सांगायचा. धाकटीने हे काम इतकं मनापासून केलं की वहीत वेळ लिहून आकडे मांडले. पाचच्या वर आकडा गेला की आहे तिथून परत, देऊळ राहिलं तरी राहिलं. आणि गंमत म्हणजे आकडा विचारला की तो खरं सांगायचा, "दुखतंय का" विचारलं की नाही म्हणायचा.

चौथ्या दिवशी विरूपाक्ष मंदिर, सकाळी सातलाच, दगड गार असताना. चपला काढाव्या लागतात, प्लास्टरवर आम्ही धुतलेला मोठा मोजा चढवला आणि कुबड्यांची रबरी टोकं पुसून घेतली, कुणी अडवलं नाही. ओल्या फरशीवर कुबडी सटकते, अभिषेकाचं पाणी सांडलेलं असतं तिकडे लांबून जा. रबरी टोकं प्रवासाआधी नवीन घाला आणि एक जोडी जास्तीची ठेवा, हंपीच्या दगडांवर आमची चार दिवसांत झिजली. पायरीचा नियम पाठ करून घ्या, चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. वजन तळहातांवर, काखेत नाही. आणि माकडं फार आहेत, कुबड्यांवरच्या मुलाच्या हातात केळं किंवा पिशवी देऊ नका, तो पटकन बाजूला होऊ शकत नाही.

त्या दुपारी नवरा आणि धाकटी अंजनाद्रीला गेले. हे आधीच बोलून ठरवलं होतं, कारण एकासाठी सगळ्यांनी सगळं सोडलं की त्या एकालाच जास्त लागतं. मी, सासूबाई आणि तो कमलापूरच्या म्युझियममध्ये. तिथे सगळ्या हंपीची मोठी प्रतिकृती आहे, टेकड्या, नदी, देवळं, सगळं वरून दिसतं. तासभर तिथेच होता, मातंग कुठे, हेमकूट कुठे, आजीला बोट दाखवून सांगत. शुक्रवारी म्युझियम बंद असतं, वार बघून ठरवा.

हॉटेलबद्दल एक. फोनवर लिफ्ट आहे म्हणाले, होती, पण लिफ्टपर्यंत जायलाच सहा पायऱ्या. बाथरूमच्या दारातून व्हीलचेअर जाईना. तेव्हा "सोयीचं आहे का" विचारू नका, गेटपासून बेडपर्यंत एकूण किती पायऱ्या, बाथरूमचं दार किती इंच, कमोड आहे का, असं मोजून विचारा आणि फोटो मागवा. प्लास्टिकचं स्टूल घरूनच न्या, आंघोळीला त्यावर बसायचं आणि प्लास्टरचा पाय पिशवीत बांधून बादलीच्या बाहेर. आमच्याकडे तालमीत हेच करायचं राहून गेलं होतं, बाकी सगळं केलं होतं.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी एक्सरे काढला, हाड जागेवर होतं, आणि सव्वापाच आठवड्यांनी प्लास्टर निघालं. पोटरी बारीक झालीय, व्यायाम चालू आहेत, फुटबॉल अजून नाही. धाकटीची आकड्यांची वही डॉक्टरांनी मागून घेऊन पानं चाळली आणि चौथ्या दिवशीच्या संध्याकाळी, धाकटी अंजनाद्रीला गेली होती तेव्हाच्या, मोकळ्या राहिलेल्या ओळींवर बोट ठेवून त्याला विचारलं, इथे किती होता? तो म्हणाला, आठ.