वार पिवळ्या पिशवीत जाण्याआधी

तासगाव-मिरज पट्ट्यात गरोदरपणी बाईच्या अंगात काय गेलं, हे नुसतं विचारून कळत नाही. सासूसमोर मिश्री लावते म्हणून कोण कबूल करणार? द्राक्षबागेत कशाची फवारणी झाली, हे मजुरीला आलेल्या बाईला कुणी सांगतही नाही. नाळेचा तुकडा त्या मानानं बोलका. मिश्रीतल्या निकोटिनचं शरीरात कोटिनिन होतं, ते त्यात मोजता येतं. मात्र सातव्या महिन्यात मिश्री सोडलेली बाई त्यात सापडेलच असं नाही.

वार पडली की, ती दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाण्याआधी, नाळेचे वारेकडचे निदान पाच सेंटिमीटर सोडून पुढचा पंधरा सेंटिमीटर तुकडा घ्यावा. वारेजवळ दोन्ही धमन्या एकमेकींना जोडलेल्या, क्वचित एकच झालेल्या असतात. तिथला छेद बघून 'एकच धमनी' असा खोटा शेरा पडतो. आतलं रक्त बोटांनी निपटून काढायचं, नॉर्मल सलाईननं धुवायचं आणि गॉझनं नीट टिपायचं. घाईत नेमकं टिपणंच राहतं. निकाल येतो दर ग्रॅम ओल्या वजनावर, त्यामुळे वर राहिलेलं सलाईन आकडा खाली ओढतं. रक्त राहिलं तर ऊतीऐवजी रक्ताचाच आकडा हाती येतो.

दुसरा घोळ फॉर्मॅलिनचा, म्हणजे ऊती टिकवायच्या द्रावणाचा. लेबर रूममध्ये ऊती दिसली की हात आपोआप त्या बाटलीकडे जातो. सूज बघायला पॅथॉलॉजिस्टला दोन-तीन सेंटिमीटरचा वेगळा तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये द्या. औषधं, निकोटिन मोजायचा तुकडा कोरडाच, बंद डबीत, लगेच बर्फावर. धातू मोजायचे असतील तर स्टीलच्या कात्रीचं निकेल-क्रोमियम काठाला लागतं. सिरॅमिक पात्यानं काठ छाटून मधला भाग आम्लानं धुतलेल्या प्लास्टिकच्या डबीत ठेवावा.

जपानात वाळलेली नाळ घरोघर जपून ठेवायची रीत असल्यानं मिनामाता गावच्या कारखान्यातून समुद्रात, तिथून मासळीतून आयांच्या पोटात गेलेला मिथाइल पारा कितीतरी वर्षांनी मोजता आला. आपल्याकडे गळलेल्या नाळेला हळद, पावडर, काय काय लागतं. ती असल्या कामाची नाही.

कळांच्या वेळी दुखणं कमी करायला दिलेलं ट्रामाडॉल किंवा फेंटानिलही नाळेत उतरतं. केसपेपरवरची मात्रा आणि वेळ नमुन्यासोबत गेलीच पाहिजे, नाहीतर दवाखान्याच्या इंजेक्शनचा ठपका आईवर येतो. संमती कळा सुरू होण्याआधी, सासूला बाहेर बसवून घ्यावी. निकाल कुणाला दाखवायचा, हेही तेव्हाच तिला विचारून लिहून ठेवावं.