खारघरचा डोंगर: दुपारी, एकट्याने

सकाळी सहाला या डोंगरावर जत्रा असते. नोव्हेंबर ते जानेवारीत, कामाच्या दिवशी दुपारी तीनला गेलात तर वर जाणारा डांबरी रस्ता जवळजवळ मोकळा मिळतो. दुपार म्हटली की लोक उन्हाला भितात, पण हा डोंगर ज्या पारसिकच्या रांगेत आहे ती दक्षिणोत्तर आहे आणि खारघर तिच्या पूर्वेला. सूर्य कलला की या बाजूच्या उतारावर डोंगराचीच सावली पडू लागते. त्याच वेळी बेलापूरच्या अंगाने चढणाऱ्याची पाठ भाजून निघते.

हार्बरने खारघर, नाहीतर बेलापूरहून मेट्रोने उत्सव चौक. पुढे रिक्षावाल्याला ‘सेक्टर ५, डोंगराचा रस्ता’ एवढं सांगावं. वर पाणी विकत मिळेल हे गृहीत न धरता माणशी दोन लिटर घ्या. त्यातल्या एका लिटरमध्ये सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. नुसतं पाणी ढोसत राहिलं आणि घामातलं मीठ भरून निघालं नाही, तर उतरताना पोटरीत गोळे येऊ शकतात.

रस्त्याची वळणं तोडणाऱ्या पायवाटा दिसतात. चढताना त्या ठीक. उतरताना मात्र त्यांच्या वाटेला जाऊ नका: कातळावर मुरमाचा पातळ थर असतो, तो पायाखाली गोट्यांसारखा फिरतो; वाळलेलं गवत उताराच्या दिशेने आडवं झालेलं असतं, त्यावर रनिंग शूज सरळ घसरतात. खोल खाचांचा तळ हवा. आणि पायमोजे उंच नकोत, कुसळं त्यातच अडकतात. (फुल पँट मात्र हवीच.)

रस्ता फणसवाडी-चाफेवाडीकडे जातो. ती राहती वस्ती आहे. अंगणं ओलांडू नका, फोटो विचारून.

माथा म्हणजे टोकदार शिखर नव्हे, पठार. पश्चिमेच्या कडेला गेलं की खाली नवी मुंबई, पलीकडे ठाण्याची खाडी आणि साडेचारच्या सुमारास खारा वारा. पूर्वेला हवा स्वच्छ असेल तर मलंगगड ते प्रबळगड अशी रांग. कडेच्या अलीकडे चार पावलं थांबा. गुडघाभर गवतात काठ कळत नाही. पठारावर गुरांच्या वाटा सगळ्या सारख्याच, म्हणून प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघा: परतताना तोच देखावा समोर असतो. चुकलंच, तर दरीत न उतरता डांबरी रस्ता गाठायचा.

पाचला परत फिरायचं. नोव्हेंबरच्या मध्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास, जानेवारीच्या मध्यात सव्वासहाच्या. पण चढताना सोयीची झालेली सावली इथे उलटते: उतारावर अंधार त्याआधीच दाटतो. मोबाइलचा टॉर्च धरून चालण्यापेक्षा डोक्याला बांधायची बॅटरी बरी, हात मोकळे राहतात. दगडावर हात टेकण्याआधी बघा. फुरसं असल्या जागीच बसतं. घरी कुणाला तरी परतीची वेळ सांगून निघा, अडचणीत ११२.

पावसाळ्यात एकट्याने नकोच. याच डोंगरातला १०७ मीटरचा पांडवकडा धबधबा तेव्हा बंद ठेवतात. पठारावर पडलेला पाऊस ओढ्याला थोड्या वेळाने येतो, त्यामुळे खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढतं. फेब्रुवारीनंतर वणव्यांचे दिवस. धूर दिसला तर त्या दिवशी पायथ्यावरूनच परत.